खर्ड्यापूर्वीची बातमीपत्रे : हेरगिरी आणि मराठी गद्य

मराठी ऐतिहासिक कादंबरीने हेराची एक ठरीव मूर्ती वाचकांच्या मनात रुजविली आहे. तो गोसावी होतो, फकीर होतो, कधी तेल विकणारा होतो. शत्रूच्या छावणीत शिरतो, गुपित काढतो आणि पहाटेपूर्वी डोंगर उतरून परत येतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून ही मूर्ती इतक्या वेळा घडविली गेली की, मराठेशाहीतील हेरगिरीचा विचार सुरू झाला म्हणजे वेषांतरच डोळ्यांपुढे उभे राहते. मूळ कागदपत्रांत मात्र वेगळेच दृश्य दिसते. तेथे हेरगिरीचे बहुतेक काम कारकुनाच्या बैठकीवर, बोरू आणि शाई घेऊन झालेले आहे. ते उघडपणे झाले, दरबारी पोशाखात झाले आणि त्याचा परिणाम मराठी गद्याच्या घडणीवर झाला. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या प्रकारच्या हेरगिरीचा, विशेषतः १७९५ च्या खर्ड्याच्या युद्धापूर्वी निजामाच्या दरबारातून पुण्यास गेलेल्या बातमीपत्रांचा, वाङ्मयीन अंगाने विचार करावयाचा आहे.

आजचा परभणी जिल्हा या विषयाच्या दृष्टीने दुय्यम नाही. पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पूर्णा या भागातून वाहणारी गोदावरी ही शतकानुशतके दख्खनच्या सैन्यांची सीमा, अडसर आणि पाणवठा होती. पाथरीचे नाव तर फिरिश्त्याने अहमदनगरच्या निजामशाही घराण्याच्या मूळ गावाशीच जोडले आहे. बातमी नसली म्हणजे युद्धाचे काय होते, याचा एक विलक्षण दाखला याच गोदाकाठचा आहे. १५९७ च्या आरंभी अब्दुर्रहीम खानखानानच्या हाताखालील मोगल फौज आणि विजापूरच्या सुहेलखानाच्या नेतृत्वाखालील दक्षिणी फौजा यांची गाठ सोनपेठ-आष्टीच्या परिसरात पडली. (आष्टी परतूर तालुक्यातील. १९८१ मध्ये जालना जिल्हा झाला, तोवर परतूर तालुका परभणीतच मोडत असे.) दिवसभर लढाई झाली, अंधार पडला, आणि रणांगणावर कोण उरले आहे हे दोन्ही सेनापतींना समजेना. दोघांनाही विजय आपलाच झाला असे वाटत होते. फिरिश्त्याच्या वृत्तांताप्रमाणे पलीकडे दिवे दिसले, तेव्हा ते कोणाचे याचा खानखानानला शोध घ्यावा लागला; मग तोफा डागल्या गेल्या आणि सुहेलखानाने दिवे मालविले. याच रात्री मोगलांच्या बाजूने लढणारा खानदेशचा राजा अलीखान शत्रूला मिळाला अशी आवई उठली आणि त्याच्या गोटाची लूट झाली. दुसऱ्या दिवशी त्याचे प्रेत रणभूमीवरच सापडले. तो मोगलांसाठी लढत पडला होता.

राजा अलीखानाची ही हकीकत मनात ठेवून पुढील दोन शतकांतील मराठी कागद वाचले, तर त्या कागदांतील एक स्वभावविशेष चटकन ध्यानात येतो. ऐकलेले आणि पाहिलेले यांच्यात भेद करण्याची त्यांतील धडपड ही लेखनशैलीची लकब नव्हे. तिच्यावर माणसांचे जीव अवलंबून होते.

आरंभीच्या मराठी साधनांत हेराला शब्द फार थोडे मिळाले आहेत. कृष्णाजी अनंत सभासदाने १६९७ च्या सुमारास जिंजी येथे लिहिलेल्या बखरीत बहिर्जी जाधव नाईक येतो तो मोजक्या ठिकाणी. सुरतेहून तो वर्तमान आणतो. पुढे १६७९ च्या जालन्याच्या स्वारीनंतर मोगल फौज पाठीवर असताना शिवाजी महाराजांच्या सैन्याला आडमार्गाने पट्ट्याच्या किल्ल्यापर्यंत सुखरूप नेणारा तोच. जालना हे परभणीच्या शेजारचेच ठाणे, तेव्हा या प्रदेशाशी बहिर्जीचा संबंध येतो तो एवढ्या एका प्रसंगाने. सभासद त्याच्या वेषांतराविषयी काही सांगत नाही, त्याच्या चातुर्याच्या कथाही सांगत नाही. त्याच्या लेखी बहिर्जीचे मोल दोन गोष्टींत आहे : कोठे काय आहे हे त्याला ठाऊक आहे आणि वाट त्याला माहीत आहे. कादंबरीकारांनी उभारलेला इमला या दोन वाक्यांच्या पायावर आहे, हे पदव्युत्तर वर्गात विद्यार्थ्यांना मूळ बखर उघडून दाखविण्यासारखे आहे. इमला वाईट आहे असे नव्हे. पाया केवढा, ते मात्र कळले पाहिजे.

‘नाईक’ हे येथे अधिकारवाचक पद आहे, जासुदांच्या पथकाचा मुख्य या अर्थी. आणि ‘जासूद’ या शब्दाचा प्रवासही पाहण्यासारखा आहे. अरबी ‘जासूस’ म्हणजे गुप्तपणे शोध घेणारा. मराठीत तो ‘जासूद’ झाला आणि हळूहळू त्यातील गुप्तता विरत गेली. पेशवाईच्या कागदांत जासूद हा प्रामुख्याने पत्रे पोहोचविणारा, जोडीने धावणारा सरकारी चाकर आहे. ‘जासूदजोडी’ हा शब्दप्रयोग त्यामुळेच सर्वत्र आढळतो, कारण वाटेत एकाचे बरेवाईट झाले तरी दुसऱ्याने लाखोटा पोहोचवावा अशी ती व्यवस्था. काशीद, हरकारा, सांडणीस्वार हे त्याचे सोबती. निखळ हेर या अर्थी ‘हेर’ आणि ‘नजरबाज’ हे शब्द राहिले. ‘बातमीदार’ या शब्दाचे नशीब याच्या नेमके उलट. अठराव्या शतकात शत्रूच्या मुलखातून बातमी काढून आणणारा तो बातमीदार. आज तो वर्तमानपत्राच्या कचेरीत बसतो आणि त्याच्या नावात कोणालाही संशयास्पद असे काही वाटत नाही. हेरगिरी आणि वृत्तलेखन यांचे घराणे एकच आहे याची ही भाषेने जपलेली खूण आहे.

मराठे आणि निजाम यांच्यातील संघर्षाची एक बाजू अशी की, दोन्हीकडे लिहिणारे हात पुष्कळदा मराठी होते. १७६३ मध्ये राक्षसभुवनावर पडलेला निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर हा मराठी ब्राह्मण होता. हैदराबादच्या दफ्तराची एक मोठी शाखा सांभाळणारे राय रायान घराणेही मराठीच. खाली परगण्यांत देशमुख, देशपांडे आणि कुलकर्णी मोडीत हिशेब ठेवीत. निजामाच्या मुलखात मराठ्यांचे चौथ-सरदेशमुखीचे हक्क असल्यामुळे वसुलीच्या निमित्ताने मराठ्यांची माणसे तेथे कायमची वावरत. शेकडा पंचवीस आणि शेकडा दहा या दोन आकड्यांबरोबर गावाचे पीकपाणी, रयतेची स्थिती, ठाण्यातील शिबंदी यांची माहितीही आपोआप गोळा होत असे. अशा प्रदेशात परकी भाषा शिकून, सोंग घेऊन शिरणाऱ्या हेराची फारशी गरजच पडत नसे. शत्रूचा मुलूख हाच नात्यागोत्याचाही मुलूख होता, आणि म्हणून गुप्तता राखणे दोन्ही पक्षांना सारखेच कठीण होते.

राक्षसभुवनाचा प्रसंग या दृष्टीने बोलका आहे. नागपूरकर जानोजी भोसले त्या मोहिमेत निजामाच्या बाजूला होते. त्यांना मोठ्या प्रदेशाचे आमिष दाखवून राघोबादादांनी आतून फिरविले. निजाम निम्म्याहून कमी फौजेनिशी गोदावरी उतरून गेला, विठ्ठल सुंदर मोठ्या फौजेसह दक्षिण तीरावर राहिला, नदीला पाणी आले आणि जानोजी पगाराची तक्रार पुढे करून बाजूला झाले. पेशव्यांची फौज मजल दरमजल येऊन विठ्ठल सुंदरावर कोसळली ती १० ऑगस्ट १७६३ रोजी. येथे कोणी वेष पालटलेला नाही. बातमी विकत घेतली होती, आणि तिची किंमत जहागिरीत ठरली होती.

आता वकिलाकडे वळावे. मराठेशाहीतील वकील हा आजच्या अर्थाने राजदूत खरा. परंतु त्याच्या कामाचा मोठा भाग बातमी लिहिणे हाच असे, आणि यजमान दरबारालाही ते पुरते ठाऊक असे. निजाम अलीखानाच्या दरबारी पेशव्यांचे वकील म्हणून गोविंदराव कृष्ण काळे होते. त्यांच्यासमवेत गोविंदराव भगवंत पिंगळे यांचेही नाव येते. मराठीच्या अभ्यासकांना काळे माहीत असतात ते त्यांच्या एका पत्रामुळे. महादजी शिंदे आणि नाना फडणीस यांच्यात सलोखा झाल्याचे कळल्यावर त्यांनी नानांना लिहिलेले ते आनंदपत्र मराठी गद्याच्या संग्रहांतून वारंवार छापले गेले. परंतु त्या एका पत्राने काळ्यांवर एक प्रकारे अन्यायच केला आहे. ते पत्र अपवाद आहे. त्यात भावना उसळते, वाक्ये लांबत जातात, इतिहासाचा पट उलगडतो. काळ्यांचे नित्याचे लेखन याच्या उलट आहे : कोरडे, तपशिलाने खच्चून भरलेले, भावनेला जागा न देणारे. विद्यार्थ्याने आनंदपत्र वाचून काळ्यांची शैली ओळखली असे समजणे म्हणजे लग्नातील भाषण ऐकून एखाद्याची बोलण्याची रीत ठरविण्यासारखे आहे.

वकिलाच्या बातमीपत्राची एक ठरलेली बांधणी असे. मायन्यानंतर तारीख चंद्रमानाने, मुसलमानी महिन्याच्या नावाने. मग एकेक कलम. जे गुप्त, ते मूळ पत्रात न लिहिता पुरवणीत. पत्र पुण्यास पोहोचले की त्यावर पैवस्तीचा, म्हणजे पोहोचल्याचा, शेरा पडे. पत्राची तारीख आणि पैवस्तीची तारीख यांतील अंतर हे वाचकाने नेहमी पाहावे. नाना फडणिसांनी अमुक दिवशी अमुक निर्णय का घेतला, हे पुष्कळदा पत्रातील मजकुरावरून उलगडत नाही. तो मजकूर त्यांच्या हाती केव्हा पडला यावरून उलगडते. साहित्याच्या अभ्यासकाला संहितेचा काळ एकच असतो असे मानण्याची सवय असते. बातमीपत्राला दोन काळ असतात, आणि त्या दोहोंमधील दिवसांत जग बदललेले असू शकते हे लिहिणाराही जाणून असतो. ‘पत्र पावेतो’ काय घडेल याचा अंदाज पत्रातच बांधून ठेवणे, पर्यायी सूचना मागणे, मागील पत्राचा हवाला देणे ही सारी रचना त्या जाणिवेतून आली आहे.

याहून महत्त्वाची गोष्ट निश्चितीच्या पायऱ्यांची. बातमीपत्रात क्वचितच एखादी गोष्ट नुसती ‘आहे’ असते. ती ‘खचित’ असते, किंवा ‘ऐकण्यात’ असते, किंवा तिची ‘बोलवा’ असते, किंवा ती ‘म्हणतात’ या एका क्रियापदावर टांगलेली असते. कधी तिचा शोध करून मागाहून लिहिण्याचे आश्वासन असते. मराठीतील ‘म्हणे’ हे छोटे अव्यय येथे मोठे काम करते. ते वाक्याच्या शेवटी येऊन संपूर्ण विधानाची जबाबदारी दुसऱ्याच्या खांद्यावर टाकते, आणि तरीही विधान नाकारीत नाही. बखरकाराला ही पायरी बहुधा नको असते, कारण त्याला झालेल्या गोष्टीचा डौल हवा. शाहिराला तर ती परवडतच नाही. खर्ड्याच्या युद्धावर बखरही आहे आणि पोवाडेही आहेत. त्यांत फौजांचे आकडे ठाम आहेत. बातमीपत्रात आकडा आला की तो कोणाच्या तोंडचा हे बरोबर येते. एकाच घटनेवरील हे तीन लेखनप्रकार शेजारी ठेवून वाचल्याशिवाय अठराव्या शतकातील मराठी गद्य म्हणजे काय हे समजणे कठीण आहे. अभ्यासक्रमात मात्र बहुधा बखरच नेमली जाते.

खर्ड्याच्या वादाचे मूळ थकलेल्या चौथ-सरदेशमुखीत होते. पुण्याच्या हिशेबाने ही बाकी अडीच कोटी रुपयांच्या वर गेली होती. निजामाचा मुख्य कारभारी मुशीरुल्मुल्क, मराठी कागदांतील ‘मुशीर’, हा हिशेबच मान्य करीत नव्हता. फेब्रुवारी १७९४ मध्ये महादजी शिंदे वारले, तेव्हा मराठ्यांचे बळ तुटले असा त्याचा ग्रह झाला. निजामाची स्वारी बीदरला होती. रेमूं या फ्रेंच सरदाराच्या हाताखाली कवायती पलटणी वाढत होत्या. बोलणी करण्यासाठी मीर आलम पुण्यास आला होता. म्हणजे काळे बीदरहून पुण्याला लिहीत होते आणि मीर आलम पुण्याहून बीदरला. पुण्याच्या घडामोडींचे अखबार निजामाकडे नियमित जात. पुढे हैदराबादच्या मध्यवर्ती दप्तरखान्याने ते १९५३ पासून प्रसिद्ध केले, तेव्हा या व्यवहाराची दुसरी बाजू अभ्यासकांपुढे आली. तिसरी बाजू इंग्रजांची. पुण्यास मॅलेट आणि निजामाकडे कर्कपॅट्रिक हे दोघेही याच दिवसांत याच माणसांविषयी लिहीत होते. त्यांचा पत्रव्यवहार पुणे रेसिडेन्सीच्या कागदांच्या चौथ्या खंडात, १७९२ ते १७९५ च्या मराठे-निजाम संबंधांवर, एकत्र मिळतो.

या परिस्थितीत एक पेच उभा राहतो, आणि तोच या पत्रांच्या वाचनातील खरा गाभा आहे. वकील सर्व काही लिहून पाठवितो हे यजमानाला ठाऊक असेल, तर यजमान वकिलासमोर जे बोलतो ते कोणासाठी बोलतो? ग्रँट डफने १८२६ च्या आपल्या इतिहासात एक चकमक नोंदविली आहे. हिशेब समजावून देण्यासाठी नाना फडणिसांनी स्वतः दरबारी हजर व्हावे, असे मुशीर काळ्यांना म्हणाला. नानांना कसे आणणार, असे काळ्यांनी विचारताच, कसे ते लवकरच दाखवितो, असे उत्तर आले. पेशव्यांना लंगोटी नेसवून आणि हाती तांब्या देऊन काशीला धाडू, अशी वल्गनाही निजामाच्या गोटात चालत असे. इतिहासकारांनी या प्रसंगांकडे उद्धटपणाचे नमुने म्हणून पाहिले आहे. पण काळ्यांच्या उपस्थितीत उच्चारलेला प्रत्येक शब्द काही दिवसांत शनिवारवाड्यात पोहोचणार हे मुशीरसारख्या मुरब्बी कारभाऱ्याला कळत नव्हते, असे मानणे अवघड आहे. अपमान हाही एक संदेश असतो. तो वकिलाच्या हातून, वकिलाच्याच खर्चाने पाठविलेला असतो. वकिलाची कसोटी येथे लागते. त्याने शब्द जसाच्या तसा कळविला तर तो शत्रूचा जासूद ठरतो. गाळला तर धन्याचा अपराधी. अशा वेळी वाक्य कोणी, कोणासमोर, कोणत्या प्रसंगी, हसत की रागाने उच्चारले याचा तपशील देऊन निर्णय धन्यावर सोपविणे एवढाच मार्ग उरतो. मराठी गद्यात संवाद नोंदविण्याची जी नेमकी, नाट्यपूर्ण आणि तरीही निर्लेप रीत या पत्रांत आढळते, तिचा उगम या अडचणीत शोधावा लागतो. पुढच्या शतकातील कादंबरीला हा वारसा लाभता तर मराठी कादंबरीतील संभाषण इतके पल्लेदार झाले नसते, असे म्हणण्याचा मोह होतो.

नानांना हवी असलेली सर्वांत मोलाची बातमी मात्र मुशीरच्या बोलण्यात नव्हती. टिपूविरुद्ध १७९० मध्ये इंग्रज, निजाम आणि मराठे एकत्र आले होते. आता दोघा मित्रांत युद्ध पेटले तर इंग्रज कोणाकडे जातील हा प्रश्न होता. मुशीरची भिस्त इंग्रजांच्या मदतीवर होती. गव्हर्नर जनरल सर जॉन शोअर याने तटस्थ राहण्याचे ठरविले. ही गोष्ट पुण्यास मॅलेटच्या वागण्यावरून आणि निजामाच्या छावणीत कर्कपॅट्रिकच्या वागण्यावरून, अशी दोन ठिकाणांहून पडताळता येत होती. एका बातमीला दोन स्वतंत्र तोंडे मिळणे ही नानांच्या बातमीव्यवस्थेची मूळ अट होती. शिंदे, होळकर, भोसले या सर्वांच्या फौजा एका मोहिमेसाठी एकत्र आणण्याचे धाडस त्यांनी केले, त्यामागे ही खात्री होती.

युद्ध झाले ११ मार्च १७९५ रोजी. परशुरामभाऊ पटवर्धन मराठ्यांच्या फौजेचे सेनापती होते. दिवसाची लढाई निर्णायक म्हणावी अशी नव्हती. रेमूंच्या पलटणी चांगल्या टिकल्या होत्या. निर्णय झाला तो रात्री, आणि झाला तो बातमीच्या अभावी. ग्रँट डफच्या वृत्तांताप्रमाणे घोड्यांना पाणी शोधणारी मराठ्यांची एक लहानशी टोळी अंधारात योगायोगाने ओढ्यावर आली. तेथे असलेल्या मोगलांनी गोळीबार केला, रेमूंच्या पहारेकऱ्यांनी तो ऐकून बंदुका झाडल्या, आणि साऱ्या छावणीत हल्ला आल्याची आवई पसरली. निजाम जनान्यासह खर्ड्याच्या लहानशा किल्ल्यात शिरला. सकाळी मराठ्यांना सोडून दिलेल्या तोफा आणि सामान मैदानात दिसले. सोनपेठच्या रात्रीनंतर जवळजवळ दोनशे वर्षांनी तो प्रकार पुन्हा घडला होता; फरक इतकाच की या वेळी एका पक्षाला आपण जिंकलो हे सकाळी लगेच कळले.

तहात निजामाने ३ कोटी रुपये, दौलताबादचा किल्ला आणि मोठा प्रदेश देण्याचे कबूल केले. परंतु नानांचा आग्रह होता तो मुशीरच्या सुपुर्दगीचा. मुशीर ओलीस म्हणून पुण्यास आला. ज्याच्या बोलण्याची बातमी वर्षानुवर्षे बीदर आणि हैदराबादहून मागवावी लागत होती, तो आता पुण्यातच नजरेखाली होता.

पुढचे कागद उलट दिशेने वाचावे लागतात. २७ ऑक्टोबर १७९५ रोजी सवाई माधवराव वारले आणि गादीचा तंटा उभा राहिला. नाना, परशुरामभाऊ, दौलतराव शिंदे, बाजीराव यांच्यातील रोजचे पालटते संबंध मुशीर पुण्यात बसून पाहत होता. कोणाला किती फौजेची गरज आहे, कोण कोणाला भितो, कोण कोणत्या किमतीला मिळेल हे त्याला कोणत्याही अखबाराशिवाय समजत होते. ऑक्टोबर १७९६ मध्ये महाड येथे नानांनी निजामाशी करार केला आणि खर्ड्यावर मिळविलेल्यातील बहुतेक सोडून देण्याचे कबूल केले. १७९७ मध्ये मुशीर हैदराबादला परतला, पुन्हा कारभारी झाला, आणि सप्टेंबर १७९८ मध्ये त्याच्याच कारकिर्दीत निजामाने इंग्रजांची तैनाती फौज स्वीकारली. रेमूंनी उभ्या केलेल्या पलटणी त्यानंतर लवकरच मोडण्यात आल्या.

वासुदेवशास्त्री खरे यांनी १८९७ पासून आणि राजवाडे यांनी १८९८ पासून छापलेल्या खंडांत या साऱ्या काळाची मराठी पत्रे शेजारी शेजारी आली आहेत. शेजवलकरांनी निजाम-पेशवे संबंधांवरील व्याख्यानांत त्यांचा राजकीय अन्वय लावला. भाषेचा अन्वय लावणे राहिले आहे. त्यासाठी मोडी वाचता येणारा विद्यार्थी हवा, फारसी शब्दांना न बिचकणारा शिक्षक हवा, आणि पाथरी, जिंतूर, गंगाखेडच्या जुन्या वाड्यांत देशमुख-कुलकर्ण्यांचे रुमाल अजून बांधलेले असतील तर ते वाळवीच्या आधी उघडले गेले पाहिजेत.